अकारविल्हे मान

(उमरग्यात हायवेच्या कडेला, औषधाच्या दुकानावरचा कॉम्प्युटर क्लास. सकाळची बॅच यायला अजून अवकाश आहे.)

मैथिली : तात्या, मॉनिटरकडे असे डोळे वटारून काही होणार नाही. तो बिचारा नुसता दाखवतो.

तात्या : मग कुणाकडं वटारू? ज्यानं माझा संसार उठवला त्यो ह्याच्यात नेमका कुठं बसतो, तेवढं दाखवा मला, मॅडम.

मैथिली : पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मी.

तात्या : ध्यानात हाय की. कीबोर्डवरनं माल आत जातो, मधी शिपीयू त्याच्यावर काम करतो, आन् मॉनिटरवर भायेर येतो. रॅम म्हंजे फलाट, हार्ड डिस्क म्हंजे डेपो. गाडी मुक्कामाला डेपोत, पर प्रवासी बसवायचे तर फलाटावर लावावी लागती. आन् लाईट गेली की फलाट मोकळा.

मैथिली : बघा, किती छान सांगितलंत. हे मी आता सगळ्या बॅचना सांगणार. आमच्या एसटीच्या रिटायर्ड कंट्रोलरनी दिलेलं उदाहरण म्हणून.

तात्या : नका सांगू. उदाहरण देणाऱ्याचं पुढं काय झालं म्हणून पोरं विचारतील.

मैथिली : काय झालं? निकिताचं लग्न नीट पार पडलं ना? मला परीक्षांमुळे येता आलं नाही, पण फोटो पाहिले. सगळे हसताहेत.

तात्या : त्या फोटोत नवरीचा मामा दिसला का?

मैथिली : मी ओळखत नाही हो त्यांना.

तात्या : ओळखायची खूण सांगतो. समद्यांच्या डोक्याला फेटे, आन् नवरीच्या मागं एक माणूस बोडक्या डोक्यानं उभा. त्यो मामा. श्रीमंतराव. माझ्या बायकोचा थोरला भाऊ, सास्तूरचा. अक्षता पडल्या, लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवला, आन् न जेवता मोटारसायकलला किक मारून गेला. त्या दिवसापासनं माझा फोन उचलत न्हाय.

मैथिली : अरेरे.

तात्या : थांबा, अजून हाय. उद्या मांडवपरतणी. लग्नानंतर लेक पहिल्यांदा माघारी येणार. तिला सासरहून आणायला मुराळी म्हणून मामानं जायचं, हे आधीच ठरलेलं. आता लेक नळदुर्गहून फोनवर म्हणती, मामा आला तर येते, न्हायतर कुणीच येऊ नका. बापाला म्हणती हे, मॅडम, सख्ख्या बापाला.

मैथिली : आणि प्रेमलाकाकू?

तात्या : तीच तर पंचाईत. ती कायच म्हणत न्हाय. भांडी आपटली असती तर जीव भांड्यात पडला असता माझा. भाकरी वाढती, पाणी ठेवती, आन् भिंतीकडं तोंड करून बसती. आई-बाप कवाच गेले तिचे. ह्यो एक भाऊ, तेवढंच माहेर. त्यो उंबरा बंद झाला तर बाईनं दिवाळीला कुणाची वाट बघायची? आन् हे समदं केलं तुमच्या ह्या डब्यानं.

मैथिली : डब्यानं काय केलं, ते तर सांगा.

तात्या : तुम्ही ती सॉर्ट नावाची कमांड शिकवली होती का न्हाय?

मैथिली : हो. नावं दिली की अकारविल्हे लावून देते. अ पासून ह पर्यंत.

तात्या : तिथंच माझ्या गुडघ्याला बाशिंग बांधलं गेलं.

मैथिली : तात्या! तुम्ही मानाची नावं सॉर्टला लावलीत?

तात्या : लावली. आता हसा. काल रिक्षावालासुद्धा हसला.

मैथिली : हसत नाही. पण का?

तात्या : तुम्ही पडल्या तुळजापूरच्या मास्तरांच्या घरातल्या. तुमच्यात कसं असतं ठाऊक न्हाय. आमच्यात अक्षतांच्या आधी माईकवरनं एकेकाचं नाव पुकारायचं, स्टेजवर बोलवायचं, फेटा बांधायचा, टोपी-टॉवेल द्यायचा. कुणाचं नाव कुणाच्या आधी घेतलं, ह्याच्यावरनं भावाभावात बोलणं बंद झालेलं हाय. आन् ह्या भागातल्या निम्म्या लग्नांत माईक माझ्या हातात. का, तर आवाज! जन्मभर स्टँडवर पुकारलं ना. 'उमरगा-धाराशिव गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.' झोपेत बी म्हणतो म्हणं मी. तर दर लग्नात कुणीतरी रुसणार, आन् रुसलेला येऊन माझीच गचांडी धरणार. म्हणून म्हटलं, स्वतःच्या लेकीच्या लग्नात तरी ही कटकट नको. यंत्र लावंल ती यादी खरी. यंत्राला ना सोयरा ना धायरा.

मैथिली : कल्पना वाईट नव्हती.

तात्या : नका हो असं म्हणू. कल्पना चांगली म्हटली की मला अजून एखादी सुचती.

मैथिली : मग नावं कशी भरलीत? नात्याचा रकाना वेगळा केला होता ना?

तात्या : कसला रकाना? नुसती नावं. एका बोटानं, दोन दिवस. ज्याला ज्याला म्हणून काय द्यायचं, ते समदे एकाच पंगतीत. सोयरे, भावकी, सरपंच, आचारी, हलगीवाले, जनरेटरवाला. कुणी ऱ्हायला नको, हाच एक विचार. मग तुमचा चार ओळींचा प्रोग्राम लिवला. पहिल्यांदा लाल अक्षरात शिव्या दिल्या त्यानं, कुठंतरी कंस ऱ्हायला होता. कंस घातला, एंटर मारलं, आन् पापणी लवायच्या आत यादी! मला इतकं भरून आलं, मॅडम, की प्रिंट काढून त्या कागदाला हळद-कुंकू लावलं.

मैथिली : काकूंना दाखवली नाही?

तात्या : ...न्हाय.

मैथिली : का?

तात्या : तेच सांगायला जिभेवर येत नव्हतं. अहो, दर लग्नात ती स्टेजच्या कडेला, पडद्याआड पाट घेऊन बसती. आता ह्याचं घ्या, आता त्याचं, म्हणून बोटानं खुणावती. कोण कुणाचा साडू, कुणाची सोयरीक कुठं मोडली, समद्या भागाचं गणगोत तिच्या डोक्यात. लोक मला म्हणतात, तात्या, काय ध्यान हाय तुमचं! मी आपला मान हलवतो. आवाज माझा, डोकं तिचं. ह्या खेपेला मीच म्हटलं, आज तू नवरीची आई, बस जरा मिरवत. आता आपल्याकडं मशीन हाय.

मैथिली : काकू काय म्हणाल्या?

तात्या : म्हणाली, बरं. ती 'बरं' म्हणली तवाच मी सावध व्हायला पायजे होतं.

मैथिली : मग पहिलं नाव कुणाचं आलं?

तात्या : अब्बास जनरेटरवाले.

मैथिली : अरे देवा!

तात्या : आता हसायला हरकत न्हाय. अख्ख्या मांडवात माझा आवाज घुमला, 'मानाचा पहिला फेटा! श्री. अब्बास जनरेटरवाले, यांनी कृपया व्यासपीठावर यावे!' अब्बास मांडवामागं डिझेल वतत होता. त्याला वाटलं लाईट गेली, पळतच आला. वर चढला आन् माझ्या कानात म्हणतो, 'तात्या, पैला मान मामा का रहता ना जी. मेरेकू कायकू बुलारे?' मी म्हटलं, गुमान बस अब्बास, मशीननं काढलंय. बसला बिचारा. काळे हात पाठीमागं लपवून बसला. फेटा मात्र शोभून दिसला, खोटं कशाला बोलू?

मैथिली : म्हणजे अब्बासभाईंनासुद्धा कळलं होतं.

तात्या : अब्बासला कळलं, हलगीवाल्याला कळलं, मांडवातल्या कुत्र्याला बी कळलं असंल. कळलं न्हाय ते दोघांना. एक मशीन, एक मी. बरं, दुसरं नाव अयोध्याआत्याचं. माझी लांबची आत्या. तिला जन्मात कुणी नाव घेऊन बोलवलं नव्हतं, कायम 'आन् बाकीच्या बायका' मधी. तिला दोन नंबरला लुगडं! म्हातारी चढताना दोनदा थांबून डोळं पुसत होती. आता रोज फोन करून आशीर्वाद देती. एवढंच काय ते पुण्य माझ्या पदरात.

मैथिली : पण लोक काही बोलले नाहीत?

तात्या : बोलतील कसे? त्यांची तोंडं मीच बांधली होती की. सुरुवातीलाच भाषण ठोकलं. 'मंडळी, आजची यादी कॉम्प्युटरनं लावलेली हाय. हितं वशिला चालणार न्हाय. लहान-थोर समदे सारखे.' टाळ्या पडल्या, मॅडम! माझ्या जन्मात टाळ्या पडल्या नव्हत्या. स्टँडवर गाडी रद्द झाली म्हणून सांगितलं की शिव्याच पडायच्या. टाळ्या ऐकल्या आन् मी पार वाहवत गेलो.

मैथिली : आणि श्रीमंतमामा आले 'श' मध्ये.

तात्या : 'श' म्हंजे पार शेवटचा थांबा. त्यांच्या मागं राहिले कोण, तर सरपंच, हणमंत आचारी आन् हलगीवाले. सरपंच बी रुसलेत, पर ते माझे मेव्हणे न्हाईत, म्हणून चालतंय. मी आपला 'म' पर्यंत आलो तर भटजी घड्याळ दाखवायला लागले. मुहूर्त चालला. यादी थांबवली, मंगलाष्टकं झाली, अक्षता झाल्या. आन् मग ह्या शहाण्यानं काय केलं असंल?

मैथिली : जिथे थांबली तिथून पुढे सुरू केली.

तात्या : तंतोतंत! 'र' वाले, 'ल' वाले, 'व' वाले. मग आलं, 'श्रीमंत गोरोबा बिराजदार, सास्तूर.' तीनदा पुकारलं. तवर पाव्हणे सास्तूरच्या वाटेला लागलेले. फलाटावर गाडी न्हाय, प्रवासी न्हाय, आन् कंट्रोलर आपला पुकारतोय.

मैथिली : तात्या, एक विचारू?

तात्या : आधी माझं काम करा, मग विचारा. मला एक प्रोग्राम द्या. असा की ज्याच्यात मामा पहिला येतो. त्याची नवी यादी काढतो आन् श्रीमंतरावांना व्हॉट्सॲपवर धाडतो. म्हंजे त्यांना कळंल की चूक मशीनची होती, दुरुस्त झाली.

मैथिली : ठीक. खुर्ची पुढे घ्या. नियम तुम्ही सांगायचे, मी फक्त टाइप करते. 'जर असं असेल, तर तसं कर.' ही अट. बोला.

तात्या : सोपं हाय. मामा पहिला.

मैथिली : दोन मामा असले तर?

तात्या : थोरला.

मैथिली : थोरला चुलत असेल आणि धाकटा सख्खा?

तात्या : मग सख्खा. पर थोरल्याच्या कानात आधी सांगायचं की बाबा, तुझा दुसरा.

मैथिली : कानात सांगायची कमांड नाही.

तात्या : मग ते सोडा. मामानंतर आत्याचा मालक. त्याच्यानंतर थोरले जावई. पर जावई नवीन असला तर त्यो थोरल्याच्या आधी, कारण नव्याची नवलाई. आन् दोघं एकाच गावचे असले तर दोघांना एकदमच वर बोलवायचं, दोन फेटेवाले लावून.

मैथिली : एकदम दोन नावं कशी वाचणार तुम्ही?

तात्या : प्रेमला वाचायला लावायची बरोबर. मी एक नाव जरा वढून म्हणायचो, दुसरं त्याच्यात मिसळायचं.

मैथिली : पुढे?

तात्या : पुढं भावकी. भावकीत जो रुसणारा असंल त्यो आधी.

मैथिली : हा नियम आहे?

तात्या : सगळ्यात पक्का नियम ह्योच हाय. रुसणाऱ्याला आधी उरकायचं. जो रुसत न्हाय त्याला शेवटी ठेवलं तरी भागतं. त्यो समजून घेतो.

मैथिली : श्रीमंतमामा रुसणाऱ्यातले का?

तात्या : न्हाय हो. जन्मात पहिल्यांदा. उलट दुसऱ्याचे रुसवे काढायला त्यांनाच धाडायचे समदे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात माझा बाप मांडवातनं उठून गेला होता, तर ह्याच माणसानं त्याला शेतातनं परत आणलं. खांद्यावर हात टाकून, हसवत हसवत.

मैथिली : म्हणजे तुमच्या नियमानं ते कायम शेवटीच राहिले असते.

तात्या : ...काय लिवलं तुम्ही आता?

मैथिली : काहीच नाही. तुम्ही बोलत होता, मी ऐकत होते.

तात्या : निकिता त्यांच्याकडंच वाढली, मॅडम. माझी ड्युटी कवा पहाटची, कवा मुक्कामाची. प्रेमला तेव्हा अंथरुणाला खिळलेली. लेक चार बुकं तिकडंच शिकली, सास्तूरला. मामाच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून शाळेत जायची. पावसाळ्यात चिखलातनं खांद्यावर. मी सुट्टीला गेलो की मला काका म्हणायची, आन् त्यांना मामा. मामा म्हणताना तिचा आवाज निराळा निघायचा. मला लागायचं ते. आन् त्या माणसाचा मान मी सॉर्ट केला!

मैथिली : पाणी घ्या.

तात्या : नको. तुम्ही मघाशी काय विचारणार होता?

मैथिली : पहिल्या फेट्याला अब्बासभाईंचं नाव दिसलं, तेव्हा तुम्ही थांबला का नाहीत?

तात्या : कागदावर होतं ना.

मैथिली : कागद तुमच्या हातात होता.

तात्या : सवय, मॅडम. स्टँडवर जे चार्टवर असंल ते पुकारायचं. समोर फलाटावर लातूरची गाडी दिसतीय, पर चार्टवर सोलापूर हाय, तर सोलापूरच पुकारायचं. मग चौकशीच्या खिडकीवर भांडणं झाली तरी चालतील. नोकरीत असंच वागलो, म्हणून तर डाग न लागता रिटायर झालो.

मैथिली : तुमचा तो पहिला लूप आठवतो? व्हाइलचा?

तात्या : त्यो कसा विसरंन? मी सांगितलं, 'बलभीम' छाप. छापत सुटला. पडदा भरला तरी बलभीम, बलभीम, बलभीम. मला वाटलं, मशीनला माझं नाव आवडलं.

मैथिली : थांबायचं कधी, हे तुम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. त्याला सांगितलेलं कळतं, मनातलं कळत नाही. पडदा भरून वाहतोय हे त्याला दिसत नाही. ते बघायला समोर माणूस बसवलेला असतो.

तात्या : कळलं. कुठं निघालात ते कळलं मला.

मैथिली : मी काही म्हटलं नाही.

तात्या : मग मीच म्हणतो. मांडवात दोन कॉम्प्युटर होते. एकाला दिसत नव्हतं. दुसऱ्याला दिसत होतं.

मैथिली : काय दिसत होतं, तात्या?

तात्या : श्रीमंतराव पहिल्या रांगेत बसलेले. नवं धोतर, पांढरी इस्त्रीची बंडी, दाढी गुळगुळीत. मी माईकमधी नुसता खाकरलो की त्ये धोतर सावरून अर्धे उठायचे. नाव दुसऱ्याचंच निघायचं. मग खाली बसायचे. परत खाकरलो की परत उठायचे. सवयच हो, मामाचा मान पहिला असतो, माणूस उठतंच. किती येळा उठले-बसले, देवाला ठाऊक. शेजारचे बघायला लागले तेव्हा उठायचे थांबले. मांडीवर हात ठेवून नुसते बसून ऱ्हायले. मी बघितलं हे. मशीननं न्हाय, मी. पर टाळ्या घेतल्या होत्या ना! आता मधीच मामाचं नाव घेतलं तर लोक म्हणतील, बघा, काढला वशिला. म्हणून वाचत गेलो. नाचता येईना, आन् आज आठवडाभर अंगण वाकडं म्हणून बोंबलतोय.

मैथिली : हे त्यांना सांगितलंत?

तात्या : उचलत न्हाईत म्हटलं की फोन.

मैथिली : तुमचा. माझा नंबर त्यांच्याकडे नाही. सांगा नंबर.

तात्या : आत्ता? थांबा जरा. काय बोलायचं ते आधी लिवून काढू का?

मैथिली : नाही. लिहिलेलं वाचायचं नाही आज. सांगा नंबर... लागला. स्पीकरवर ठेवते.

श्रीमंत : हालो. कोन?

मैथिली : नमस्कार मामा, मी उमरग्याहून मैथिली. तात्यांना कॉम्प्युटर शिकवते.

श्रीमंत : आरं तिच्या! म्हंजे त्यो दिवा तुमी लावला व्हय, बाई?

मैथिली : ...वात माझी होती, मामा. काडी तात्यांनी ओढली.

श्रीमंत : हां. बोलायला तयार हायसा. शेजारी बसल्यात न्हवं कंट्रोलर सायेब?

तात्या : श्रीमंतराव, मी... नमस्कार.

श्रीमंत : नमस्कार, दाजी. आज म्या कितवा हाय?

तात्या : लाज काढा. काढा, काढा. मी तेवढ्यासाठीच फोन केला.

श्रीमंत : म्या कशाला काढू? उसाला पानी द्यायचंय मला. काय काम व्हतं ते बोला.

तात्या : त्यो फेटा... अब्बासनं दुसऱ्याच दिवशी घरी आणून दिला. घडी करून, पिशवीत घालून. म्हटला, ज्याचा हाय त्याला द्या. माझ्याजवळ हाय. घेऊन येऊ का?

श्रीमंत : त्याचा त्याला देऊन टाका. त्याच्या डोक्याला शोबत व्हता. डिझेलचं हात मागं धरून बसलं व्हतं गरीब. म्या त्याच्यावर रुसलोय व्हय? मला फेटा नगं.

तात्या : अहो, ते मशीननं...

श्रीमंत : मशीनचं नाव काढू नगासा, दाजी. आमच्या बी शेतात मोटर हाय. रान सोडून नाल्यात पानी गेलं तर म्या मोटरला शिव्या देत न्हाय. पान्याचं दार कुनी धरलं व्हतं, ते बगतो.

तात्या : बरोबर हाय.

श्रीमंत : म्या सारखा तुमच्याकडं बगत व्हतो. आता दाजी वर बगतील, मग वर बगतील. तुमी कागदातनं मुंडी वर काडली न्हाई.

तात्या : काढली होती.

श्रीमंत : आँ?

तात्या : मुंडी काढली होती, श्रीमंतराव. तुम्ही उठताना बघितलं, बसताना बघितलं. बघवंना, म्हणून तर परत कागदात घातली. चूक मशीनची न्हाय, यादीची न्हाय. माझी हाय. चार टाळ्यांसाठी तुम्हाला बसवून ठेवलं मी.

मैथिली : ...मामा? ऐकू येतंय ना?

श्रीमंत : येतंय. येतंय की.

तात्या : उद्या नळदुर्गला...

श्रीमंत : ते नगा सांगू मला. पोरीला आनायला जायचं म्हून काल कापडं इस्त्रीला टाकल्यात. तिला आनायचं तर तुमच्या फोनची वाट बगू व्हय म्या? जानार, घेऊन येनार. पर तुमच्या दारात सोडीन आन् तसाच माघारी फिरीन. पायरी चडनार न्हाय.

तात्या : प्रेमलाचं काय मग?

श्रीमंत : ती काय म्हनती?

तात्या : कायच म्हणत न्हाय. भिंतीकडं बघती.

श्रीमंत : ...आमची आई बी असंच करायची.

तात्या : श्रीमंतराव, मी पाया पडतो. तुम्ही सांगाल ते करतो. पुन्हा मांडव घालू का?

श्रीमंत : येड लागलं का? मांडव नगं, फेटा नगं, टावेल नगं. त्या दिशी कपडे घालताना आरशात बगून म्या मनातच म्हनून बगितलं व्हतं, आता दाजी कसं पुकारतील. सांगायला बी लाज वाटती. ह्या वयात.

तात्या : न्हाय, न्हाय. बोला.

श्रीमंत : तेवडंच ऱ्हायलंय बगा. पायरी चडतो उद्या. येक अट हाय. नाव घ्या माजं.

तात्या : आत्ता? हितं?

श्रीमंत : पयलं. माईकवर घेत्यात तसं.

मैथिली : तात्या, बॅचची मुलं आलीत दारात. आत घेऊ, की थांबवू?

तात्या : येऊ द्या. आत येऊ द्या समद्यांना. उभी ऱ्हावा रं पोरांनो. हां. ...प्रवाशांनी कृपया... छ्या! मंडळींनी कृपया लक्ष द्यावे. मानाचा पहिला मान. नवरीचे मामा, श्री. श्रीमंत गोरोबा बिराजदार, सास्तूर! यांनी कृपया व्यासपीठावर यावे! आलं का ऐकू?

श्रीमंत : वाऱ्यानं नीट आलं न्हाई. परत म्हना.

तात्या : नवरीचे मामा, श्री. श्रीमंत गोरोबा बिराजदार, सास्तूर! मानाचा पहिला मान!

श्रीमंत : आनिक.

तात्या : म्हणतो की. किती येळा म्हणू?

श्रीमंत : म्या बस म्हनीस्तवर.